पहिला लॉकपिक सेट कसा निवडला: माझा अनुभव

लॉकपिक सेट म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायची हत्यारं, आणि तो निवडताना त्यात किती पीस आहेत हा आकडा बघायचाच नाही, हे आधीच सांगून टाकते. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच असतो, १५ पीस, २४ पीस, ३० पीस, आणि आपल्याला कुठला लागेल कुठला नाही हे कळत नसतं तेव्हा साहजिकच जास्त पीसवाल्याकडे हात जातो. मी उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे आधी कुलूप आणि मग हत्यार, आणि त्यामुळे निवड बरीच सोपी झाली.

नाद कसा लागला ते थोडक्यात. दाराचं एक बाद झालेलं लॉक उत्सुकता म्हणून खोलून बघितलं तर आतून पितळी पिना आणि बारीकशा स्प्रिंगा टेबलभर सांडल्या. त्या परत भरता भरता कळलं की प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना असतात, वरून स्प्रिंग दाबत असते, आणि बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका प्लगच्या, म्हणजे किल्ली जाते त्या आतल्या फिरत्या भागाच्या, कडेवर येतो, त्या रेषेला शिअर लाईन म्हणतात, मग आतला प्लग फिरतो. लायनस येल ज्युनियर यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये याची पेटंटं घेतली आणि आजचं साधं पिनवालं लॉक तत्त्वाने अजूनही तेच आहे. आता किल्लीशिवाय ते का उघडतं, तर भोकं कधीच शंभर टक्के सरळ रेषेत पाडलेली नसतात. प्लग किंचित फिरवून धरला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. ती उचलली, सांधा कडेवर आला, प्लग केसभर फिरला आणि अडकायची पाळी दुसरीची. बास. म्हणजे कामं दोनच, एक हत्यार हलकेच फिरवून धरणार आणि दुसरं पिना उचलणार. हे डोक्यात बसलं की ३० पीसचा सेट बघून पहिला प्रश्न हाच पडतो की मग बाकीचे २८ कशाला.

दुसरी गोष्ट म्हणजे किल्ली बघा. काठावर करवतीसारख्या खाचा असलेली चपटी किल्ली असेल तर बहुतेक वेळा ते पिनवालं कुलूप, आणि बाजारातले नवशिक्यांचे सेट याच प्रकारासाठी असतात. लांब दांडी आणि टोकाला चौकोनी जीभ असलेली किल्ली म्हणजे आत पाती असतात, ते लिव्हरचं कुलूप, त्याला वेगळी हत्यारं लागतात. किल्लीच्या सपाट अंगावर गोल खळगे असतील तर डिंपल, तिथेही हा सेट उपयोगाचा नाही. आणि अर्धगोल दांडीवर तिरक्या कापांची किल्ली असेल तर आत फिरणाऱ्या चकत्या असतात, फिनलंडच्या अॅब्लॉयने नावारूपाला आणलेला प्रकार, त्याचं हत्यारच वेगळं असतं. घरातली सगळी कुलपं लिव्हरची असतील तर नुसता सेट घेऊन काहीच होणार नाही, सरावाला साधी पिनवाली कुलपं वेगळी आणावी लागतील. हे कुणी सेटच्या खोक्यावर लिहीत नाही.

एका मित्राकडे असाच भलामोठा सेट होता, झिपच्या पाऊचमध्ये, तो मी मागून आणला आणि काही दिवस ठेवून घेतला. ज्याला शक्य असेल त्याने हे जरूर करावं. पाऊच उघडला की भारी वाटतं, पण एकेक पिक, म्हणजे पिना उचलायचं पत्र्याचं पातळ हत्यार, बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवला तर वेगळंच दिसायला लागतं. नागमोडी रेकचेच, म्हणजे पिनांवरून खरवडत ओढायच्या पिकचेच, सहा प्रकार, त्यातले तीन तर एकमेकांपासून ओळखू येईनात. गोल टोकाचे दोन, जे मुळात दुसऱ्याच जातीच्या, वेफरवाल्या (पिनांऐवजी चपटे पत्रे असलेल्या) हलक्या कुलपांसाठी बनलेले. तुटलेली किल्ली बाहेर ओढायचे काटेरी आकडे. आणि हुक, म्हणजे ज्याने एकेक पिन उचलायची ते मुख्य हत्यार, फक्त दोन! टेन्शन टूल, म्हणजे प्लग फिरवून धरायच्या पट्ट्या, तीन, तिन्ही एकाच जाडीच्या. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे त्यातच काटकसर आणि बाकी भरती. मी दर वेळी बसले की हात आपोआप त्यातल्या छोट्या हुककडेच जायचा, बाकीचे पाऊचमध्ये तसेच चकचकीत राहिले.

याच सेटमुळे जाडीचा मुद्दा कळला, आणि माझ्या मते निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. पिकच्या पत्र्याची जाडी बहुतेक ठिकाणी इंचात देतात. ०.०२५ इंच म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर, रुंद फटीच्या कुलपांसाठी हा चालतो, मजबूत असतो, चुकून जोर पडला तरी लगेच वाकत नाही. ०.०१८ म्हणजे ०.४५ च्या आसपास आणि ०.०१५ म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर, हे अरुंद फटींसाठी. किल्लीची फट समोरून नीट बघा, काही कुलपांत ती जवळजवळ सरळ चीर असते, काहींत दोन्ही बाजूंनी कंगोरे आत येतात, अगदी मध्यरेषेच्याही पलीकडे जातात, तिथे जाड पिक आत जातो खरा पण वरखाली हलायला जागाच उरत नाही. मित्राचे पिक जाड होते आणि माझ्याकडच्या एका कुलपात ते कंगोऱ्याला घासायचे, मग पिन अडकलीये की माझा पिकच अडकलाय हे कळायला मार्ग नाही. नवशिक्याला हाताला काय जाणवतंय तेच अजून नीट कळत नसतं, त्यात हा गोंधळ कशाला. पत्र्याची उंचीही बघायची, कारण दांडा उंच असेल तर टोक मागच्या पिनेवर ठेवताना तोच पुढच्या पिनांना ढकलतो.

मग फिनिश. स्वस्त पिक बहुतेक पत्र्यातून ठोकून काढलेले असतात आणि कडेला बारीक धार राहते, नखावरून ओढला की खरवडतं लगेच. अशी कड प्रत्येक पिनेला अडकत जाते. यावर उपाय आहे म्हणा, आधी ४००, मग ८००, मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कडा घासल्या की फरक हाताला जाणवतो, आणि पिना जिथे टेकतात ती टोकाची वरची बाजू विशेष गुळगुळीत करायची. मला असलं काम करायला आवडतं म्हणून मला हा मुद्दा मोठा वाटला नाही. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी आधीच घासून पॉलिश केलेले घ्यावेत.

स्टील कुठलं यावर लोक तासनतास वाद घालतात. पहिल्या सेटसाठी एवढं पुरे की स्टेनलेस असेल तर गंजायची काळजी कमी, आणि पत्रा किंचित वाकवून सोडला तर परत सरळ झाला पाहिजे. हँडल हा आवडीचा भाग. जाड रबराचं हँडल हाताला बरं वाटतं पण मला त्यातून पिनेची टिचकी जरा बोथट जाणवायची, म्हणून मी धातूचं पातळ आवरण असलेलं निवडलं.

आता टेन्शन टूल. सगळे पिक निवडत बसतात आणि याच्याकडे बघत नाहीत, आणि माझा ठाम मुद्दा असा की पैसे वाचवायचे तर पिकमध्ये वाचवा, इथे नको. फिरवून धरायचं ते यानेच, आणि अडकलेल्या पिनेची बरीच खबरही याच्यातूनच बोटाला येते. दोन पद्धती आहेत, एक म्हणजे पिनांच्या विरुद्ध बाजूला, फटीच्या तळाशी इंग्रजी एलसारखी वाकवलेली पट्टी घालायची. दुसरी म्हणजे पिनांच्याच बाजूला, पहिल्या पिनेच्या अलीकडे जी इवलीशी जागा असते तिथे चपटी पट्टी बसवायची. दुसऱ्या पद्धतीत फटीचा तळ मोकळा राहतो आणि पिकला ऐसपैस जागा मिळते, पण पट्टी बरोबर मापाची लागते. सैल असेल तर निसटते, मोठी असेल तर आतच जात नाही. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या हव्यात, साधारण १ मिलिमीटरपासून सव्वापर्यंत दोन-तीन असल्या की बरीचशी कुलपं झाकली जातात. सेट बघताना मी सरळ एवढंच तपासायला लागले की दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आहेत का आणि जाड्या वेगवेगळ्या आहेत का. असे निकष लावले की दहातले सात-आठ सेट तिथेच गळतात.

रेक एक असावा. रेकने खरवडून स्वस्त कुलूप पटकन उघडतं आणि मजा येते, नाही म्हणणार नाही, पण त्यातून कुठली पिन कधी बसली हे काही कळत नाही. पिस्तुलासारखी पिक गन, क्रेडिट कार्डच्या आकाराचा पत्र्याचा सेट, चाकूसारखं घडी होणारं मल्टीटूल, हे सगळं मी बाजूला ठेवलं.

पारदर्शक प्लास्टिकच्या सरावाच्या कुलपाबद्दल दोन मतं आहेत. आत काय चालतं ते डोळ्यांनी दिसतं हे चांगलंच, समजायला एकदम झकास. पण पिना सैल असतात, आवाज वेगळा, हाताला येणारी जाणीव वेगळी, आणि मुख्य म्हणजे सवय डोळ्यांना लागते जेव्हा शिकायचं बोटांनी असतं. सेटबरोबर फुकट आलं तर ठीक, त्यासाठी वेगळा खर्च मी केला नाही. त्याऐवजी दोन साधी पितळी कुलपं घेतली आणि पुढे बिघडलेली, किल्ली असलेली पण कोणाला नको असलेली कुलपं ओळखीतून गोळा केली.

शेवटी जे घेतलं ते असं: पातळ पत्र्याचा एक छोटा हुक, एक मध्यम हुक, तोच छोटा हुक जाड पत्र्यात, एक हाफ डायमंड (त्रिकोणी टोकाचा पिक), एक रेक आणि पाच टेन्शन पट्ट्या. मध्यम हुक कशाला, तर कधी कधी पुढची पिन जेमतेम उचलायची असते आणि तिच्या लगेच मागची बरीच वर, तिथे छोटा हुक पुढचीला नको तेवढं ढकलतो. किल्ली हातात असेल तर हे आधीच दिसतं, टोकाकडे जाताना खोल खाचेला लागूनच मोठा उंचवटा असला की समजायचं.

पहिलं कुलूप उघडलं तेव्हाचं सांगते. चार पिनांचं होतं. पट्टीवर बोट नुसतं टेकवलेलं, एवढ्या हलक्या दाबावर विश्वासच बसत नाही. हुक आत सरकवला आणि एकेक पिन चाचपली, पहिली स्प्रिंगसारखी लवलव, दुसरीही तशीच, तिसरी मात्र घट्ट. तिला हळूच वर नेलं आणि टिक, आवाजापेक्षा बोटालाच जास्त कळलं. मग पहिली घट्ट झाली. मग चौथी. दुसरी सगळ्यात शेवटी, आणि प्लग एकदम गर्रकन फिरला की मीच दचकले. बाहेर काढून परत बंद केलं आणि पुन्हा केलं तर क्रम तोच, तीन, एक, चार, दोन. यालाच बाइंडिंग ऑर्डर म्हणतात.

एक गंमत वाचली होती ती इथे टाकतेच. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं ते प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवलं, जे उघडेल त्याला २०० गिनी असं आव्हान लावून ते कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत ठेवलं होतं. त्याला एकूण ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. त्या एका कुलपासाठी त्याने हत्यारं खास बनवून घेतली होती, म्हणजे आधी कुलूप मग हत्यार हा क्रम बराच जुना आहे.

नियमांचं एकदाच बोलते. जगभरचे हौशी लोक दोन गोष्टी पाळतात, जे कुलूप आपलं नाही किंवा ज्याच्या मालकाची स्पष्ट परवानगी नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही. दुसरा नियम लोक हलक्यात घेतात, पण पिन आत अडकली किंवा स्प्रिंग दबली तर आपणच आपल्या दाराबाहेर उभे राहू. कायदा मात्र देशोदेशी वेगळा आहे. जर्मनीत या छंदाचा रीतसर क्लब १९९७ पासून आहे, स्पर्धा होतात, तर जपानमध्ये २००३ च्या कायद्याने योग्य कारणाशिवाय अशी हत्यारं जवळ बाळगणंच गुन्हा ठरतं. तुमच्या इथे काय आहे ते मागवण्याआधी बघून घ्या, आणि सेट उगाच पिशवीत घालून हिंडू नका.

पुढे मी स्पूल पिनावाल्या कुलपाकडे वळले, या पिना मधे बारीक असतात, त्यामुळे प्लग अर्धवट फिरून थांबतो आणि उघडल्याचा भास होतो. त्यावर उपाय म्हणजे पिन उचलताना पट्टीचा दाब थोडा सैल सोडायचा, प्लग किंचित उलटा फिरतो, मग ती पिन बसते. यासाठी नवीन पिक घ्यावा लागतो असं बरेच जण सांगतात. मला काही लागला नाही, तोच छोटा हुक चालला. बदलली ती पट्टी, आधीची सैल बसायची, मग थोडी जाड लावली तेव्हा कुठे ते उलटं फिरणं बोटाला कळायला लागलं. रेक आणि हाफ डायमंड तेव्हापासून पाऊचमध्येच आहेत, आणि आता काही घेतलं तर ०.०१५ चा एक हुक घेईन, तोही अरुंद फटीचं कुलूप हातात आल्यावरच.