हाय बॉनेटचं स्टेअरिंग: टेबलावर मोकळं, जीपवर जाम

दुरुस्त करून टेबलावर एका बोटाने फिरणारं स्टेअरिंग माझ्या जुन्या हाय बॉनेट (उंच बॉनेटच्या) जीपवर चढवलं की दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. आठ दिवस याच एका गोष्टीत गेले. स्टेअरिंगचा बॉक्स (आपलं फिरवणं पुढच्या चाकांकडे नेणारी पेटी) तीनदा काढला, तीनदा बसवला. काल सकाळी कारण सापडलं, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी ड्रॉप आर्मचं (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवरचा दांडा) सांगून टाकतो, कारण मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गाडी तिथेच अडली होती, तो शाफ्टवरून निघत नव्हता. ‘गॅसने तापव, लगेच निघते’ हा सल्ला गावात सगळ्यांनी दिला. मी तापवला नाही. तो फोर्जिंगचा, पाणी दिलेला (तापवून कडक केलेला) भाग आहे. लाल केला की पाणी उतरतं, आणि आपला हात आणि पुढची चाकं यांच्यामधल्या साखळीतली ती एक कडी आहे. बाजारातून आणलेल्या पुलरचे (आर्म ओढून काढायचं साधन) पाय पहिल्याच दिवशी फाकले. मग वरुडच्या लेथवाल्या काकांकडून जाड पट्टीचा पुलर करून घेतला, ताणून लावला, आर्मच्या डोळ्यावर उकळतं पाणी ओतलं, दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकदमच मारले. हलला नाही. तसाच ताणात ठेवून झोपलो. या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची आहे, म्हणून साडेअकराला संत्र्याला पाणी द्यायला उठलो, तर शेडमधून ‘टण्ण’ असा आवाज आला. टॉर्च घेऊन धावलो. आर्म पुलरसकट खाली पडलेला होता. मोटर चालू करायची विसरून मी दहा मिनिटं ते सर्रेशन (शाफ्टवरचे दाते) बघत उभा होतो. एक दाता तुटलेला नाही. शाफ्टवर आणि आर्मवर छिन्नीने खूण आधीच करून ठेवली होती. तेवढं मात्र कुणीही विसरू नका.

बॉक्स उघडला तेव्हा आत तेलाचा थेंब नव्हता. चेसीसचं ग्रीस ठासून भरलेलं, वाळून डांबरासारखं झालेलं. ग्रीस एकदा कॅमच्या (स्टेअरिंगच्या शाफ्टच्या खालच्या टोकाचा, पेचासारखी खाच असलेला भाग) खाचेतून बाजूला ढकललं गेलं की पुन्हा खाचेत येत नाही. तेल वाहत परत येतं. खालून गळतं म्हणून लोक ग्रीस भरतात, पण गळतीचा उपाय बुश (शाफ्टभोवतीची कडी) आणि सील हा आहे. मी 90 नंबरचंच गिअर ऑइल घालणार.

लीव्हर शाफ्टच्या (कॅम फिरला की ड्रॉप आर्म हलवणारा शाफ्ट) खाचेत बसणाऱ्या दोन्ही पिना चपट्या झाल्या होत्या, आणि त्यांना खाचेत दाबणारा साइड कव्हरचा स्क्रू आधीच्या लोकांनी शेवटपर्यंत आवळलेला होता. हे बहुतेक सगळ्या जुन्या जीपांत दिसतं. रॉस कंपनीच्या पद्धतीच्या या बॉक्समध्ये कॅमची खाच मध्यभागी मुद्दाम थोडी उथळ कापलेली असते, म्हणजे चाकं सरळ असताना पिना घट्ट बसतात आणि वळताना मोकळ्या होतात. पण गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे झीजही मधेच होते. मग चार बोटं प्ले (चाकाचा मोकळा खेळ) येतो, मिस्त्री स्क्रू आवळतो, सरळ रस्त्यावर बरं वाटतं आणि वळणावर स्टेअरिंग परत यायला मागत नाही. क्रम उलटा करून चालत नाही. आधी वरच्या कव्हरखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून कॅमचा वर-खाली होणारा प्ले काढायचा. मग टोकापासून टोकापर्यंत चकरा मोजून बरोबर निम्म्यावर यायचं आणि तिथेच साइडचा स्क्रू लावायचा.

माझा कॅम वाचला आहे, खाचेच्या कडा अजून शाबूत आहेत. खालच्या बेअरिंगच्या कपात मात्र खड्डे पडले होते, म्हणून कप आणि छर्रे बदलले. लीव्हर शाफ्ट दिल्लीला काश्मिरी गेटहून मागवला. दिसायला चकाचक. शेंदूर तेलात कालवून पिनांना लावला आणि कॅमवर फिरवून पाहिलं, तर एकाच पिनेचा शेंदूर पुसला गेला. दुसरी पिन खाचेच्या भिंतीला टेकतच नव्हती. म्हणजे सगळा भार एकीवर. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. दुसरा शाफ्ट नागपुरात एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर सापडला, मेणकागदात गुंडाळलेला जुना माल. पैसे जास्त गेले, पण दोन्ही पिनांचा शेंदूर सारखा निघाला. माझं मत आता पक्कं आहे: स्टेअरिंगचा सुटा भाग शेंदूर लावून तपासल्याशिवाय बसवायचा नाही, पावती कुठल्याही दुकानाची असो.

गनमेटलचे बुश काकांनी लेथवर केले आणि हाताने रीमर फिरवून बसवले. मग बॉक्स आणि कॉलम (स्टेअरिंगच्या शाफ्टवरची नळी) टेबलावर जोडले, चाकाच्या रिमला भाजी तोलायचा हुकाचा काटा लावून ओढलं. 400 ग्रॅम. मधोमध किंचित जड, दोन्हीकडे मोकळं. जसं पाहिजे तसं.

जीपवर चढवलं आणि काटा अडीच किलोवर गेला.

पहिल्यांदा वाटलं शिम कमी पडली. बॉक्स काढला, एक शिम वाढवली, टेबलावर 350 ग्रॅम, जीपवर पुन्हा अडीच किलो. मग वरच्या बेअरिंगवर संशय. आधीच्या मालकाने तिथे सायकलच्या ट्यूबची गुंडाळी कोंबली होती, ती काढून मी नवं बेअरिंग आणि स्प्रिंग टाकलं होतं. ते काढून पाहिलं, फरक शून्य. मग शाफ्ट वाकला असेल म्हणून काकांकडे सेंटरवर फिरवून आणला. सरळ निघाला. खरं तर तिथे जायची गरज नव्हती. वाकलेला शाफ्ट प्रत्येक चकरेत एका जागी जड होतो आणि पुढे सुटतो. माझं स्टेअरिंग सगळीकडे सारखंच जड होतं, म्हणजे दाब बाहेरून येत होता.

आमच्या मिस्त्रींनी येऊन पाहिलं. ‘सब्बल लावून वढून घेऊ भाऊ, बसून जाते,’ असं म्हणाले. तीस वर्षं त्यांनी या तालुक्यातल्या जीपा चालत्या ठेवल्या आहेत आणि इंजिनच्या बाबतीत मी त्यांचं ऐकतो. पण इथे नाही ऐकलं.

काल पहाटे साडेपाचला काम सुरू केलं (मे महिन्यात नऊनंतर पत्र्याच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही). पोकळ शाफ्टमधून येणारी हॉर्नची वायर नीट करायची म्हणून डॅशखालच्या ब्रॅकेटचा क्लॅम्प ढिला केला. भाचा सीटवर बसून चाक धरून होता. क्लॅम्प सुटताच कॉलमने झटक्यात दाराकडे उडी घेतली, चांगली अर्धा इंच. आणि भाचा ओरडला, ‘मामा, आता तं एका बोटानं फिरून राह्यलं!’

काटा लावला. 500 ग्रॅम.

म्हणजे बॉक्स चेसीसवर तिरका बसतोय, त्यामुळे कॉलमचं वरचं टोक ब्रॅकेटच्या बाहेर जातंय, आणि मी क्लॅम्प आवळून त्याला आत ओढत होतो. नळी वाकते, आतला शाफ्ट धनुष्यासारखा ताणतो, कॅम आपल्या कपांत कलतो. टेबलावर हा ताण कुठून येणार? खाली वाकून चेसीस तारेच्या ब्रशने घासली, तर बॉक्सच्या बोल्टांच्या जागी जुना वेल्डिंगचा पॅच निघाला, रंगाखाली दडलेला. वडिलांच्या काळात, कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रांवर या जीपच्या फेऱ्या चालायच्या तेव्हा, तिथे तडा गेला असावा.

आता उपाय. ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट केलं की काम अर्ध्या तासात होतं. पण मग स्टेअरिंग कायम तिरकं राहणार. मी ठरवलं होतं की पॅच ग्राइंडरने सपाट करायचा, म्हणजे उजवा फेंडर पुन्हा उतरवायचा.

इथपर्यंत लिहिलं आणि एक सुचलं. बॉक्सचे तीन बोल्ट आहेत. क्लॅम्प आवळलेलाच ठेवून एकेक बोल्ट ढिला केला आणि दर वेळी काटा लावला तर नेमका कोणता कोपरा ओढतोय ते कळेल. अर्ध्या तासात जाऊन येतो.

आलो. पुढचा बोल्ट ढिला केला, अडीच किलो. खालचा, सव्वादोन. मागचा वरचा ढिला केला आणि काटा सरळ 700 ग्रॅमवर उतरला! त्या बोल्टापाशी फट आहे, फीलर गेजने मोजली तर एक मिलिमीटरला थोडी कमी. हिशेबही जुळतो. बोल्टांमधलं अंतर तीनेक इंच, कॉलम तीनेक फूट, म्हणजे खालची चूक वर बारापट होते. एक मिलिमीटरचा वर अर्धा इंच.

तेव्हा ग्राइंडर रद्द. फेंडरही उतरवायचा नाही. घोड्याच्या नालेसारखी एक मिलिमीटरची शिम पत्र्यातून कापायची, घासत घासत फटीएवढी करायची आणि त्याच बोल्टामागे सरकवायची. बॉक्स तीन जागी टेकतो, त्यामुळे तिन्ही टेकल्या की तो हलणार नाही. आधी बॉक्सचे बोल्ट, मग कॉलम आपोआप जिथे उभा राहील तिथे राहू द्यायचा, आणि ब्रॅकेटचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी.

पान्यांबद्दल एक. आपल्या जीपांचे बोल्ट इंचाचे आहेत. तीन चतुर्थांश इंचाला 19 चा पाना चालून जातो, पण 9/16 ला 14 चा जात नाही आणि 15 चा लावला की कोपरे गोल होतात. माझे दोन बोल्ट आधीच तसे झालेले आहेत, तेही बदलतोय. इंचाचा रिंग पान्यांचा जुना संच मला कामठीच्या भंगारात मिळाला. शोधा, मिळतो.

शिमचा पत्रा कापून झालाय, उद्या पहाटे घासायला घेतो. मृग लागायच्या आत मोर्शीहून सिंभोऱ्याच्या धरणापर्यंत एक फेरी मारायची आहे, हात एकदा चाकावरून सैल सोडून. बेल क्रँकच्या (ड्रॉप आर्मचा जोर पुढच्या चाकांकडे वळवणारा जोड) बुशचं त्यानंतर पाहीन.