वाढीव कामाला पद आणि पगार मिळवताना : केळीच्या पॅकहाउसमधील माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या माणसावर वाढीव काम बहुतेक वेळा एखाद्या आपुलकीच्या वाक्यातून येऊन पडते. मी ज्या निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे केळी धुऊन खोक्यांत भरणाऱ्या केंद्रात, गुणवत्ता पर्यवेक्षक आहे, तेथे शीतगृह आणि कंटेनर रवाना करण्याचे काम पाहणारे सहकारी ऐन हंगामाच्या तोंडावर नोकरी सोडून गेले, तेव्हा आमचे मालक, ज्यांना आम्ही सारेच अण्णा म्हणतो, मला म्हणाले, "बेटा, नवा माणूस मिळेपर्यंत तेवढं बघून घे." रमजानच्या आधी आखाती देशांची मागणी वाढलेली असते आणि गाड्या सतत लागत असतात, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता, शिवाय ते काम शिकण्याची मला मनापासून इच्छाही होती. पुढे नवा माणूस आलाच नाही, कारण काम कोठे अडत नव्हते.

माझे मूळ काम पॅकिंगच्या ओळीवरचे. घडाच्या फण्या सुटल्यावर चीक नीट धुतला गेला आहे का, तुरटीच्या पाण्याची टाकी वेळेवर बदलली का, फळाची जाडी कॅलिपरवर बसते का, १३ किलोच्या खोक्याचे वजन बरोबर आहे का, एवढे पाहिले की माझा दिवस भरत असे. त्यात आता शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी, कंटेनर भरण्याचा क्रम, सीलचे क्रमांक, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी (माल रोगकीडमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राची कागदपत्रे आणि न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या क्लिअरिंग एजंटशी रात्री-अपरात्री होणारे बोलणे, या सर्वांची भर पडली.

मोबदल्याचा विषय काढलाच पाहिजे, हे मला कामाच्या ताणापेक्षा एका रात्रीच्या प्रसंगाने पटवून दिले. ४० फुटी रीफर, म्हणजे शीतकरणाचा, कंटेनर दाराशी लागला होता आणि चालक निघण्याची घाई करत होता. भरणी सुरू करण्यापूर्वी मी खोक्यातील केळ्यात थर्मामीटरची सुई खुपसून गराचे तापमान पाहिले, तर ते १६ अंशांच्या पुढे होते. खोलीच्या भिंतीवरचा आकडा साडेतेरा दाखवत असला तरी मधल्या थरांतील माल अजून थंड झाला नव्हता, आणि रीफर कंटेनर हा थंड झालेला माल थंड राखण्यासाठी असतो, गरम माल खाली आणणे त्याला जड जाते. असा माल वाटेतच पिकू लागला, तर सुमारे २० टन केळी परक्या बंदरावर पडून राहतात. मी भरणी थांबवली. थोड्याच वेळात व्यवस्थापकांचा फोन आला, "गाडी थांबवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्याजवळ तापमानाचे आकडे होते, पण या प्रश्नाला देण्यासारखा एकही कागद नव्हता. गाडी पहाटे भरली गेली आणि माल चांगला पोचला. तरीही माल बिघडला असता तर जबाबदारी माझी आणि तो वाचवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, ही व्यवस्था फार काळ चालू देणे मला योग्य वाटेना.

त्यानंतर मी एक नोंदवही सुरू केली. डाव्या पानावर माझ्या नेमणूकपत्रातील कामे आणि उजव्या पानावर नंतर आलेली कामे लिहिली, आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या तारखेपासून माझ्याकडे आहे, कोणाच्या सांगण्यावरून आहे आणि किती वेळ घेते, हे नोंदवले. पाठवलेले कंटेनर, खरेदीदारांकडून आलेले गुणवत्तेचे अहवाल आणि आधीच्या हंगामात आलेल्या तक्रारी यांचे आकडे कार्यालयातच होते. ते मी एका पानावर उतरवले. थकवा, जागरणे, घरचे हाल यांतील काहीही त्या पानावर येऊ दिले नाही. ते सारे खरे असले तरी त्याच्या उत्तरादाखल सहानुभूती मिळते, पद मिळत नाही.

बोलण्याची वेळ निवडणेही महत्त्वाचे होते. गाड्या लागलेल्या असताना मागणी केली असती तर ती अडवणूक वाटली असती, आणि पाच-सहा गावांत सगळेच एकमेकांना ओळखत असताना तो शिक्का लवकर पुसला जात नाही. म्हणून मागणी जरा ओसरल्यावर मी अण्णांकडे स्वतंत्र वेळ मागितला आणि विषय आधीच सांगून ठेवला. माझ्या मागण्या तीन होत्या : पदाचे नाव बदलून तसे लेखी पत्र, तापमान योग्य नसल्यास भरणी थांबवण्याचा अधिकार, आणि मूळ वेतनात वाढ.

अण्णांनी ते पान लक्षपूर्वक वाचले. "तू घरच्यासारखी आहेस, दिवाळीला तुझं बघून घेऊ," हे त्यांचे पहिले उत्तर होते आणि त्यात खोटेपणा नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात हेच गृहस्थ मध्यरात्री गाडी घेऊन आले होते. नेमके म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. मी म्हटले, "अण्णा, दिवाळीचा बोनस कायद्याने वेगळा आहे, पात्र कामगाराला तो किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. त्यात हे मिसळलं तर कामाचं नाव कुठेच राहणार नाही. उद्या तुमच्या जागी धाकटे शेठ बसले, तर त्यांना हे कोण सांगणार?" शेवटच्या वाक्यावर ते थांबले. तुला दिले तर बाकीचेही मागतील, ही त्यांची दुसरी शंका होती. तिच्यावर मी नोंदवही पुढे केली आणि ज्याच्याकडे अशी दोन पाने असतील त्याने जरूर मागावे, असे म्हटले.

मूळ वेतनाचा आग्रह मी का धरला, हे थोडे सविस्तर सांगते, कारण अनेकजण येथेच फसतात. समजा ४,००० रुपयांची वाढ ठरली. ती 'घरभाडे भत्ता' म्हणून मिळाली तर महिन्याला हातात पडणारी रक्कम जवळपास तेवढीच दिसते, किंबहुना किंचित जास्तच. पण मूळ वेतनात आली आणि भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल, तर १२ टक्क्यांप्रमाणे ४८० रुपये आपले आणि तितकेच मालकाचे जमा होतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, हा फरकाचा दुसरा भाग आहे. ती शेवटच्या वेतनावर, महिना २६ दिवसांचा धरून, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या हिशेबाने निघते. म्हणजे आज मूळ वेतनात मिळालेले ४,००० रुपये मागे झालेल्या वर्षांनाही लागू होतात आणि प्रत्येक वर्षामागे सुमारे २,३०८ रुपयांची भर पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार घरभाड्यासारखे वेतनात न धरले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते, परंतु ज्यांचे भत्ते त्या मर्यादेत आहेत त्यांना वाढ पगारपत्रकाच्या कोणत्या ओळीत येते याकडे लक्ष द्यावेच लागते. आमच्या हिशेबनिसांनी हा हिशेब माझ्यासमोर अण्णांना समजावून सांगितला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मिळाले ते सगळे मनासारखे नव्हते. 'गुणवत्ता व रवानगी प्रमुख' असे पद आणि भरणी थांबवण्याचा अधिकार पत्रात आला. तापमानाची मर्यादाही मी आग्रहाने त्यात लिहून घेतली, जेणेकरून पुन्हा कोणी फोनवर विचारल्यास वाद व्यक्तीवर न जाता आकड्यावर राहावा. वाढ मागितली त्यापेक्षा कमी मिळाली, पण ती संपूर्ण मूळ वेतनात मिळाली आणि उरलेल्या रकमेसाठी पुढील एप्रिलमधील आढाव्याची तारीख ठरली. मागील महिन्यांची थकबाकी अण्णांनी नाकारली. त्यावर मी रात्रीच्या नोंदींसाठी एक मदतनीस मागितला आणि तो त्यांनी लगेच दिला. थकबाकीचे मला आजही वाईट वाटते, कारण ते काम झालेले होते आणि त्यावर मालही विकला गेला होता. तरीही रोज रात्रीचे दोन तास परत मिळणे, हे त्या वेळी मला अधिक मोलाचे वाटले.

पत्र हाती आल्यावर मी ते मिळाल्याचे आणि नव्या पदाचे काम कोणत्या तारखेपासून स्वीकारले आहे याचे चार ओळींचे उत्तर ई-मेलने पाठवले, आणि पहिल्या पगारपत्रकात पदनाम व मूळ वेतन दोन्ही बदलले आहेत ना, हे तपासून घेतले. पदनाम जुनेच छापून आले होते; ते पुढच्या महिन्यात दुरुस्त झाले. आता पॅकिंगच्या ओळीवरच्या दोन भगिनी, ज्या फण्या कापण्याबरोबरच खोक्यांचे वजन आणि लेबलेही सांभाळतात, त्यांच्या कामाची अशीच दोन पाने आम्ही तिघी मिळून लिहीत आहोत. त्यांची नेमणूकपत्रे कार्यालयातून मागवली आहेत, आणि ती हाती येताच डावे पान पूर्ण होईल.