हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : आधी तिथी, मग चप्पल

हरिहरेश्वरला आम्ही दुपारी साडेबाराला पोचलो आणि तिथेच सगळं चुकलं. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत आलो होतो. मी मोबाइलवर हवामान बघितलं होतं, ऊन किती, पाऊस नाही, वगैरे. समुद्राचं वेळापत्रक बघायचं मात्र डोक्यातही आलं नाही.

दर्शनाचा क्रम आईला पाठ. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, परत काळभैरव. पेशव्यांचं हे कुलदैवत, त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून जवळच. ते सगळं सांगून झालं आणि आम्ही प्रदक्षिणेच्या पायऱ्यांकडे वळलो. इथली प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती नाही, अख्ख्या डोंगराला घालायची. देवळाशेजारून चढायचं, डोंगर ओलांडून कड्याच्या फटीतून थेट समुद्राशी उतरायचं आणि मग कातळावरून चालत देवळाजवळच्या पुळणीवर यायचं. हा कातळाचा भाग ओहोटीलाच उघडा पडतो.

पायऱ्यांपाशी कोकम सरबत विकणाऱ्या आजींनी हटकलं. "आता कुठं निघालात? पाणी चढतंय. आज तिथी कोणती?"

"वद्य द्वितीया," आई म्हणाली. मला विचारलं असतं तर वारसुद्धा आठवून सांगावा लागला असता.

"मग दोनाला तीनाने गुणा, चाराने भागा. दीड. दीडला भरती पुरी. तिथून सहा तास मागंपुढं ओहोटी."

एवढंच गणित. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. अष्टमीला सहाला. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे हटतं, पण नेमकं सकाळी आणि संध्याकाळी. आमची संध्याकाळची ओहोटी साडेसातनंतरची, जानेवारीतला काळोख. तेव्हा मुक्काम. घरगुती खानावळीत मोदक आधी सांगावे लागतात हेही त्याच दिवशी कळलं, म्हणून रात्री सोलकढी आणि भातावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी तृतीया. सव्वादोनला भरती, म्हणजे आठच्या सुमारास ओहोटी. आम्ही सातला चढायला लागलो. पाणी उतरत असताना उतरायचं, म्हणजे परतीला हातात वेळ राहतो. चढ फार नाही, पण आईचे गुडघे सत्तरीला टेकलेले, त्यामुळे बसत-उठत. पलीकडची फट अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कडा, पायऱ्या खाली जाणाऱ्या, आणि टोकाला एकदम समुद्र. सूर्य अजून डोंगरामागेच होता, त्यामुळे कातळावर गार सावली. पश्चिमेला फिकट चंद्र तसाच राहिलेला.

खरं बघायचं ते इथे. लाटांनी कडा कापत कापत मागे सारला आणि पायथ्याशी सपाट कातळ उरला, त्यावरूनच आपण चालतो. उजव्या हाताची भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, पाणी वाळतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण सुटा करतात. आई हात फिरवत म्हणाली, "जात्याला टाकी लावल्यासारखं दिसतंय." खालच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे. यातच आमची वीस मिनिटं गेली.

चालण्याचा नियम मी एकदा आपटून शिकले. हिरव्यावर पाय ठेवायचा नाही. शेवाळ दिसायला मऊ, पण पाय ठेवला की गेलाच. खडबडीत करड्या दगडावर पकड मिळते, फक्त तिथे कालवं चिकटलेली असतात, आधाराला हात टेकला की कापतो. गुळगुळीत तळाची चप्पल घरी ठेवावी. आणि लाटेकडे पाठ करून फोटो काढू नये. आमच्यापुढचं एक जोडपं तेच करत होतं, आईने त्यांना चांगलंच झापलं. शांत दिसणाऱ्या पाण्यातून मध्येच एखादी मोठी लाट येते, तिला गणित लागू नाही.

साडेआठच्या आत पुळणीवर आलो. आजींकडे दोन-दोन पेले सरबत प्यायलो. त्यांनी पैसे घेतले, पण तिथी सांगणाऱ्या आईला एक पेला फुकट.

मग बागमांडल्याला जाऊन फेरी बोटीने सावित्री ओलांडायची ठरली. पलीकडे वेश्वी आणि पुढे बाणकोटचा जांभ्याचा किल्ला, मराठ्यांचा हिम्मतगड. १७५६ च्या तहात तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायला सुरुवात केली. खानावळीत या वेळी मोदक आधी सांगितले होते, त्यामुळे जेवून निघायला उशीर झाला. धक्क्यावर पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. आईने माझं मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.

"दोन वाजून दहा," ती म्हणाली. "अजून पाच मिनिटं चढेल."