काळा स्क्रू सगळीकडे चालत नाही

"वैनी, दीड इंची काळे स्क्रू द्या एक पाकीट."
"कशात मारायचेत?"
"मारतो की कशातबी!"

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटर माझ्याकडे. घरोघरी ड्रिल मशीन आली तशी काळ्या स्क्रूची चलती झाली, बाकीचे फळीवर धूळ खात बसलेत. मला काय, विकायचेच आहेत. पण पुढं दार लटकलं की शिव्या दुकानाच्या नावानं पडतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

काळा स्क्रू मुळात जिप्सम बोर्डासाठी, म्हणजे फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनसाठी. हातात घेऊन त्याचं डोकं नीट बघा. खालच्या बाजूनं ते कर्ण्यासारखं गोलाईत वळत दांड्याला मिळतं. बोर्डावरचा कागद न फाटता डोकं आत बसावं म्हणून ही गोलाई. अंगावरचा काळा थर फॉस्फेटचा, कोरड्या खोलीत पुरतो, ओल लागली की गंज आलाच. आणि पोलाद कडक केलेलं असतं, त्यामुळं भसकन आत जातो खरा, पण कडक माल ठिसूळही असतो. वाकायचं सोडून तुटतो. सागवानी दाराच्या बिजागरीला हेच मारले की दाराचं सगळं वजन स्क्रूवर आडवं येतं. मग एक दिवस डोकं खाली पडतं आणि दांडा चौकटीत अडकतो. तो उकरून काढायला सुतार किती घेतो ते विचारून बघा.

२०१९ च्या पुरानंतर तर हे सगळ्या गावानं बघितलं. कपाटाची फळी सोडवायला जावं तर स्क्रूची खाच गंजून भुगा. जिथं पितळी किंवा स्टेनलेस होते तिथं चिखल धुतला आणि ते सुटले. नदीकडच्या गिऱ्हाइकाला मी आता स्टेनलेसच पुढं करते. स्टेनलेसच्या प्रतींना नंबर असतात. यात ३०४ चांगलं, २०२ स्वस्त आणि लवकर गंजणारं. काहीजण ओळखायला खिशात चुंबक घेऊन येतात. त्यानं काही कळत नाही हो, दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत.

लाकडाला लाकडाचाच स्क्रू घ्या. त्याच्या डोक्याखालचा भाग गुळगुळीत असतो, आटे खाली. दोन फळ्या जोडताना आटे फक्त खालच्या फळीला धरतात आणि डोकं वरच्या फळीला दाबून आणतं. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही फळ्यांत धरतो आणि मधली फट तशीच राहते. तोच वापरायचा असेल तर वरच्या फळीला भोक जरा सैल पाडा. मापात आठ नंबर, दहा नंबर म्हणतात ती जाडी. आठ नंबर साधारण ४.२ मिलिमीटर. तारेचा गेज वाढला की तार बारीक होते, स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो. इथं भलेभले चकतात.

पितळी स्क्रू मऊ. आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढायचा, मग पितळीला साबण लावून हातानं बसवायचा. मशीन लावलीत तर डोकं गेलंच समजा.

पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू, षटकोनी डोक्याचा, खाली रबरी वॉशर. पाटण, जावळीकडं पाऊस कसा असतो ते मी सांगायला नको. वॉशर जरासा दबेपर्यंतच आवळा. रबर चेंगरून बाहेर आलं की तिथूनच गळती.

स्टार डोक्यातही दोन जाती. हेन्री फिलिप्सच्या नावाचा (पेटंट १९३६ चं) साधा फिलिप्स, आणि दुसरा पोझी. पोझीच्या फुलीमध्ये चार बारीक रेघा असतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांना बहुतेक तोच येतो. त्यात फिलिप्सचं बीट घातलं तर ते घसरून खाच खातं.

नट-बोल्टसाठी मात्र जुना नमुना घेऊनच या. सासरे किर्लोस्करवाडीला कामाला होते, ते अजून नुसत्या नखानं आटे मोजतात. सहा मिलिमीटर आणि पाव इंच दिसायला सारखेच. पण सहाच्या आट्यात १ मिलिमीटरचं अंतर, पाव इंचीला इंचात २० आटे. नट दोन फेरे जातो आणि अडकतो. त्यावर पान्हा लावून जोर करू नका, आटे जातील.

आणि दाराचं भोक आधीच सैल झालं असेल तर जाड स्क्रू मागू नका. फेव्हिकॉल लावून आगपेटीच्या काड्या ठोका, वर आलेलं कापा, रात्रभर सुकू द्या आणि जुनाच स्क्रू परत मारा. पार्टिकल बोर्डाला, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीला, हे टिकत नाही. तिथं बिजागरी इंचभर सरकवून नवं भोक पाडा.