व्हीआरएस ब्रेक प्रकरण: नव्या डिस्कवर थरथर परत, आणि चोर घरचाच

माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलल्या, ते मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. नव्या डिस्क टाकून नऊशे किलोमीटर झाले नाहीत तोच थरथर परत आली. इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरत होतो, वळणाआधी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात हललं. अगदी जुन्या डिस्कवर हलायचं तसंच. शेजारून बायको म्हणाली, "हे तर नवीन टाकलं होतंस ना?" उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, तोंड बंद ठेवून उतरलो.

मागच्या पोस्टखाली अर्ध्या लोकांनी आकडे विचारले होते, म्हणून थोडी उजळणी (सगळी मापं मिलिमीटरमध्ये). गाडी २००५ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पुढे २८८ बाय २५ (व्यास बाय जाडी) व्हेंटिलेटेड, म्हणजे मधून हवा खेळणाऱ्या डिस्क. जुन्या डिस्क मायक्रोमीटरवर २२.६ भरल्या, कडेला छापलेली किमान जाडी २३. म्हणजे लेथवर घासून घ्यायचा प्रश्नच नव्हता. नव्या डिस्कचं पहिलं पार्सल आलं ते ११२ पीसीडीचं, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास ११२. आपल्याकडे ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी लॉरा नावाने आली आणि तिसरी परत ऑक्टाव्हिया झाली, त्यामुळे नुसतं 'ऑक्टाव्हिया, २८८ बाय २५' सांगून भागत नाही. लॉराचीही २८८ बाय २५ मिळते. फक्त भोकं ५ बाय ११२ आणि टोपीची (डिस्कच्या मधल्या उंचवट्याची) उंची ४९.५, आपली ५ बाय १०० आणि ३४. ऑर्डर देण्याआधी डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला स्टिकर वाचा. पुढच्या ब्रेकचा कोड १एल किंवा १झेडने सुरू होतो. मी वाचला, पण पैसे भरल्यावर.

ड्रिल्ड (भोकं पाडलेल्या) की स्लॉटेड (चरे पाडलेल्या) डिस्क, यावर त्या पोस्टखाली तुम्ही बरेच भांडलात. माझं मत तेच आहे. भोकांच्या कडेपासून तडे जातात, आणि घाट उतरताना आपल्याला लागतं ते उष्णता पोटात घेणारं लोखंड. भोकं पाडून तेच कमी करायचं म्हणजे छत्रीला भोकं पाडण्यासारखं. स्लॉटेड चालल्या असत्या, पण पॅड लवकर खातात आणि आवाज करतात. शेवटी प्लेन हाय कार्बन घेतल्या. पैशांचं दुःख नाही, दुःख थरथरीचं.

घरी आल्यावर पहिला विचार आला की २८८ कमी पडतात, ३१२ टाकू. कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) तोच राहतो, कॅरिअर (कॅलिपर धरणारी चौकट) आणि डिस्क बदलायची, व्हील १६ इंची हवं. कार्ट भरून झाली होती. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये असलेल्या मावसभावाने अडवलं. "आधी डायल लाव, मग पैसे उधळ," म्हणाला, आणि संध्याकाळी मॅग्नेटिक स्टँडसकट डायल घेऊन आला. डायल म्हणजे फिरणारी डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापयंत्र.

सगळा रविवार त्यात गेला. चाक काढल्यावर व्हील बोल्ट जास्त लांब पडतात, म्हणून नळीचे तुकडे कापून बुश केले आणि पाचही बोल्ट कसले. डिस्क नीट दाबून बसल्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही. उजवी बाजू ०.०३. बरं वाटलं. डावी ०.१३. मी सरळ डिस्क बनवणाऱ्याला शिव्या घालायला लागलो.

भावाने काटा सगळ्यात वर जातो तिथे हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्कवर खडूने एकेक खूण केली. मग डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवली. इथे एक अडचण आहे. आपल्या डिस्कला तो एकच छोटा स्क्रू असतो, त्यामुळे ती एकाच जागी बसते. पण तो स्क्रू जोडणी करताना डिस्क धरून ठेवण्यापुरता. खरं धरतात ते व्हील बोल्ट. स्क्रू सोडला की पाच जागा मिळतात. फिरवून पुन्हा डायल लावली. डिस्कवरची खूण सरकली, पण काटा हबच्याच खुणेवर वर गेला. म्हणजे डिस्क निर्दोष, हब वाकडा.

हबच्या फेसवर, म्हणजे डिस्क टेकते त्या सपाट पृष्ठभागावर, डायल लावली तर ०.०६. मध्यापासून डिस्कचं टोक हबच्या कडेच्या जवळजवळ दुप्पट लांब, म्हणून तिथे ०.१३. हिशोब जुळला. गंज असेल म्हणून वायर ब्रशने घासलं, फरक नाही. मग भावाने बोट फिरवलं आणि कडेजवळ थांबला. लोखंडाचा एक टेंगूळ वर आला होता, नखाला लागेल इतका.

"कुणी ठोकलं रे हे?"

मीच. जुनी डावी डिस्क गंजून हबला चिकटली होती, आणि दोन पौंडी हातोड्याचा एक घाव चुकून हबच्या फ्लँजवर (कडेवर) बसला होता. आठवलं, पण लगेच कबूल केलं नाही.

पहिल्या दिवशी काहीच जाणवलं नाही, याचं उत्तरही यातच आहे. आपला कॅलिपर तरंगता, म्हणजे पिनांवर आडवा सरकणारा, थोडी वाकडी डिस्क तो सांभाळून घेतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही प्रत्येक फेऱ्याला उंच भाग पॅडला घासतो आणि काही शे किलोमीटरमध्ये तिथे पातळ होतो. मग जाडीच एकसारखी राहत नाही, आणि पायाला नि हाताला लागतो तो हा जाडीतला फरक. डावीची जाडी आठ ठिकाणी मोजली: २० मायक्रॉनचा फरक. एवढ्यावर स्टिअरिंग हलतं! आपण 'डिस्क बेंड झाली' म्हणतो त्यातलं बरंचसं हेच असावं असं आता वाटतंय.

टेंगूळ ऑइलस्टोनने घासला. फाइल मारू नका, फेस जाईल. हब ०.०१५ वर आला. डावी डिस्क अंबडच्याच एका लेथवाल्या काकांकडे नेली. साध्या चकमध्ये पकडून एकेक बाजू घेतली तर दोन्ही बाजू समांतर राहत नाहीत, म्हणून त्यांनी डिस्कच्या मधल्या ६५च्या भोकात बसणारं मँड्रेल (पकडायचा दांडा) काढलं आणि एकाच पकडीत दोन्ही बाजूंना हलका कट मारला. नाशकात हे सुख आहे. एमआयडीसीत मायक्रॉनची भाषा कळणारा माणूस सायकलवर भेटतो. जाडी २४.८ उरली, भरपूर आहे. बसवल्यावर डावी ०.०३. मी तो काटा दहा वेळा फिरवून पाहिला.

मधला एक छोटा विजय सांगायचा राहिला: कॅलिपर पिनसाठी ७ नंबरची ॲलन की! बाजारातल्या सेटमध्ये ६ नंतर थेट ८ असते. वडाळा नाक्यावर तीन दुकानं पालथी घातल्यावर एका डब्यात सुटी सापडली. आता ती किल्लीच्या जुडग्यात असते.

पॅड ८० नंबरच्या पॉलिश कागदावर सपाट घासले, ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे दिंडोरी रोडला गाडी ताशी ऐंशीवरून वीसवर अशी नऊ-दहा वेळा आणली, पूर्ण थांबू न देता. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरवर. काल पुन्हा कसारा उतरलो. स्टिअरिंग गप्प. बायको झोपली होती, हीच पावती.

३१२ची कार्ट रिकामी केली. मागच्या चाकांना स्लॉटेड टाकायच्या ठरवल्या होत्या, तेही रद्द. तिथेही प्लेन, आणि वाचलेल्या पैशात स्वतःची डायल. आणि हे लिहिताना सुचलं: मागच्या डिस्क काढताना हातोडा कशाला? कॅरिअरच्या भोकातून लांब बोल्ट घालून मागून नट कसला तर डिस्क आपोआप ढकलली जाईल. कुणी करून पाहिलंय का? रविवारच्या आत सांगा.

मागच्या २३२ बाय ९ कुणाकडे कोऱ्या पडून असतील तर कळवा. माझ्याकडे ५ बाय ११२च्या दोन २८८ डिस्क खोक्यासकट आहेत, दुकानदार परत घेत नाही. लॉरावाल्यांनो, बोला.