मंगळवार पेठेतला मुका रिसिव्हर

सेट चालू होत होता, डायलमागचे दिवे लागत होते, आवाज मात्र कुठूनच नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या घरी मी पोचलो तेव्हा सेटचा निकाल आधीच लागलेला होता. एका कारागिरानं ‘पॉवर आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) गेलाय, आता मिळायचा नाही’ म्हणून हात वर केलेले, दुसऱ्यानं भंगाराचा भाव सांगितलेला. सेट १९७८ च्या आसपासचा जपानी स्टिरिओ रिसिव्हर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत, चॅनेलला पंचेचाळीस वॅटचा, घरच्या काकांच्या थोरल्या भावानं आखातातून आणलेला. काकांना त्याला टर्नटेबल, कॅसेट डेक, नवा टीव्ही आणि मोबाइल जोडून हवे होते.

प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचली. व्होल्टेज सिलेक्टर २२० वर होता आणि भिंतीतल्या सॉकेटवर मीटर २३८ दाखवत होता. सिलेक्टरला २४० ची खाच होती, तिथं आणला. २२० वर ठेवून २३८ दिले की आतली डीसी व्होल्टेज आठ टक्क्यांनी चढतात, ट्रान्सफॉर्मर गरम राहतो आणि एवढ्या जुन्या फिल्टर कपॅसिटरना ते झेपत नाही. अमेरिकेतून आलेल्या बऱ्याच सेटांना सिलेक्टरच नसतो, नुसतं १२० असतं. तिथं स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तो पाटीवरच्या वॅटच्या निदान दीडपट घ्यावा.

पहिला पुरवठा सिरीज बोर्डावरून दिला, म्हणजे वीज १०० वॅटच्या तारेच्या बल्बमधून जाऊन मग सेटला. एलईडी बल्ब इथं उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. तो ठणठणीत पेटलेलाच राहिला असता तर तिथंच बंद करून सेट टेबलावर उघडावा लागला असता. मग थेट पुरवठा दिला. चारेक सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज आला. स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आतला विजेवरचा खटका, बसल्याचा तो आवाज. आउटपुटवर डीसी आलेलं असेल तर प्रोटेक्शन सर्किट रिले बसूच देत नाही. तरी स्पीकर न जोडता टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजले: डावीकडं १८, उजवीकडं ३१. पन्नासच्या आत असलं की निर्धास्त राहावं, शंभराच्या वर गेलं तर त्या चॅनेलला स्पीकर लावू नये. गेलेला पॉवर आयसी सहसा असं शांत आउटपुट देत नाही. त्यामुळं आयसीवरचा संशय तिथंच बराचसा फिटला.

आता तपासणीपुरते स्पीकर जोडून सिग्नल कुठवर येतो ते बघायचं होतं. एफएमवर १०२.७ ला कोल्हापूर आकाशवाणी लावलं, सिग्नल मीटरचा काटा झपकन वर गेला. ट्यूनर जिवंत. मागच्या ‘टेप रेक’ (कॅसेटवर रेकॉर्डिंगसाठीच्या) सॉकेटमधून वायर काढून बॅटरीवरच्या छोट्या स्पीकरला दिली, तर कार्यक्रम स्वच्छ ऐकू येत होता. हे सॉकेट तपासणीत फार कामाचं आहे. काय ऐकायचं ते ठरवणाऱ्या सिलेक्टरनं निवडलेला सिग्नल व्हॉल्यूम आणि टोनच्या आधी तिथून बाहेर पडतो. तिथं आवाज आहे आणि स्पीकरला नाही, म्हणजे दोष त्यापुढं.

पुढं पहिलं ठाणं टेप मॉनिटरचं बटण. ते दाबलेलं होतं. हे बटण रस्त्यावरच्या वळणासारखं आहे: दाबलं की सगळी वाहतूक कॅसेट डेकमधून फिरून यायची वाट बघते, आणि डेक जोडलेला नसेल तर पलीकडून काहीच येत नाही. एफएम, फोनो (टर्नटेबलचं सॉकेट), ऑक्स (बाहेरच्या इतर यंत्रांचं), सगळंच मुकं. ‘सेट मेला’ म्हणून येणाऱ्या जुन्या रिसिव्हरमध्ये हे बटण मी सगळ्यात आधी बघतो. बटण सोडलं, तरी आवाज नाही.

मग टॉर्च घेऊन सेटमागं गेलो. एका कोपऱ्यात आरसीए सॉकेटच्या दोन जोड्या, वर ‘प्री आउट’, खाली ‘मेन इन’, दोन्ही मोकळ्या. या सेटात प्रीअँप (सिग्नल निवडणारा, व्हॉल्यूम-टोनचा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा भाग) आतून जोडलेले नसतात, ते बाहेरून यू आकाराच्या दोन धातूच्या पिनांनी जोडतात. पिना नसल्या की सेटचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकडे धडधाकट असूनही स्पीकरला काही पोचत नाही. काकांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. थोरल्या भावानं तिथं ग्राफिक इक्वलायझर लावलेला होता, पुतण्या तो पुण्याला घेऊन गेला. इक्वलायझर लावताना काढलेल्या पिना तेव्हाच कुठंतरी गहाळ झाल्या. शिवाय मधल्या काळात कुणीतरी टेप मॉनिटर दाबला. एकाच जागी दोन अडथळे असले की एक दूर करूनही फरक दिसत नाही, आणि माणूस थेट आयसीवर जाऊन पोचतो. आधीचे दोघं तिथंच चकले असावेत.

खात्रीसाठी मोबाइलची वायर ‘मेन इन’ला दिली. हे करताना मोबाइलचा आवाज अगदी शून्यावरून चढवायचा, कारण इथं सेटचा व्हॉल्यूम मधे येत नाही आणि व्होल्टभर सिग्नलला पॉवर अँप पुरती ताकद सोडतो. दोन्ही चॅनेल चालले. मूळ पिना आता मिळणं अवघड, म्हणून वीतभर लांबीच्या चांगल्या आरसीए वायरी लावल्या. त्याआधी सॉकेटच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायलॉनच्या ब्रशनं घासल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात या कडांवर काळपट थर धरतो आणि एक चॅनेल येतो-जातो. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते, तो मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावा. साधा गंज सोडवायचा स्प्रे तिथं मारू नये, तो तेलकट थर ठेवतो.

सेट बोलायला लागला तसे काका खुर्ची ओढून समोर बसले ते उठेचनात. जोडणीचं काम त्यांच्या पायांशी बसून केलं.

आधी स्पीकर. दीड स्क्वेअर एमएमची वायर, स्पीकरपर्यंत दहा मीटर. जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध पाव ओहमच्या आत राहतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. टोक दहा-बारा मिलिमीटर सोलून घट्ट पीळ द्यायचा, एकही तार बाहेर राहता कामा नये. ती शेजारच्या क्लिपला टेकली की मग खरोखरच आयसी जातो. एका स्पीकरवरच्या खुणा पुसलेल्या होत्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघितलं: कोन बाहेर आला की सेलच्या धन टोकाला लागलेलं टर्मिनल ते धन. एक स्पीकर उलटा लागला तर बास गायब होतो आणि लोक दोष सेटला देतात. काकांना स्वयंपाकघरात दुसरी जोडीही हवी होती. ए आणि बी एकदम चालवले तर बहुतेक सेटांत दोन्ही जोड्या समांतर येतात, आठ-आठचे चार ओहम होतात. मागं ‘ए+बी, किमान ८ ओहम’ छापलेलं असेल तर प्रत्येक स्पीकर आठचाच हवा. जोड्या चारच्या असतील तर एका वेळी एकच.

टर्नटेबल नवा होता, मागं फोनो आणि लाइन असा खटका असलेला. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजचा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. फोनो सॉकेट तो शंभरएक पट वाढवतं आणि आरआयएए वक्रानं, म्हणजे रेकॉर्ड कापताना मुद्दाम बदललेला आवाज पूर्ववत करणाऱ्या ठरलेल्या प्रमाणानं, सरळ करतं, बास वर, ट्रेबल खाली. जुन्या रिसिव्हरचा फोनो भाग बहुधा फार छान असतो, म्हणून खटका ‘फोनो’वर ठेवून तोच वापरला. खटका लाइनवर ठेवून वायर फोनोत घातली तर दोनदा वाढवलेला फाटका, घुमणारा आवाज येतो. उलट चूक केली, म्हणजे खटका फोनोवर आणि वायर ऑक्सला, तर आवाज डासासारखा. टर्नटेबलची सुटी बारीक वायर ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट केली आणि हमिंग थांबलं.

कॅसेट डेकला दोन जोड्या लागतात. डेकचं लाइन आउट रिसिव्हरच्या ‘टेप प्ले’ला, रिसिव्हरचं ‘टेप रेक’ डेकच्या लाइन इनला. हे नेहमी उलटं लागतं, कारण ‘प्ले’ वाचून वाटतं की तिथून आवाज बाहेर निघतो. प्रत्यक्षात तो तिथून आत येतो.

मोबाइलसाठी ब्लूटूथचा छोटा डबा ‘टेप २ प्ले’ला लावला. घरच्यांनी आधी तो मोकळं सॉकेट दिसलं म्हणून फोनोत घालून बघितला होता. अर्धा व्होल्ट सिग्नल मिलिव्होल्टच्या सॉकेटात गेला की चिरकणारच. टेप आणि ऑक्स सॉकेट दीडशे मिलिव्होल्टच्या आसपासच्या सिग्नलसाठी असतात. आजचे सीडी प्लेअर आणि डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ करणारा डबा) दोन व्होल्ट देतात. त्यानं काही जळत नाही, पण नॉब जरा उघडला तोच घर दणाणतं, आणि जुन्या कार्बन व्हॉल्यूमचे दोन चॅनेल सुरुवातीच्या त्या टप्प्यात सारखे नसतात, आवाज एका बाजूला कलतो. उपाय सोपा: वायरीच्या रिसिव्हरकडच्या टोकाला प्रत्येक चॅनेलला १० किलोओहम सिरीजमध्ये, आणि त्यापुढं सिग्नल ते ग्राउंड ३.३ किलोओहम. पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर. दोन व्होल्टचे साधारण अर्धा व्होल्ट होतात आणि नॉब मधोमध वापरता येतो.

टीव्हीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आधी ऑप्टिकल आउटला डॅक लावून ऑक्सला दिला. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउट ‘पीसीएम’वर (साध्या डिजिटल सिग्नलवर) आणावं लागतं, नाहीतर साधा डॅक डॉल्बीचा प्रवाह उलगडू शकत नाही आणि गप्प बसतो. आवाज उत्तम होता, पण ऑप्टिकलला रिमोटचा व्हॉल्यूम चालत नव्हता. काकूंनी लगेच विचारलं, “दर जाहिरातीला उठून तिकडं जायचं व्हय?” त्यांचं खरं होतं. रोज मालिका बघणाऱ्या घरात ही सोय आवाजाच्या उरल्यासुरल्या सफाईपेक्षा मोठी. म्हणून टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून ३.५ एमएमची वायर ऑक्सला आणली, रिसिव्हरचा नॉब एका जागी ठेवला आणि रिमोट काकूंकडं.

वायर जोडताच घुर्र सुरू झालं. ऑप्टिकलवर ते नव्हतं, कारण त्यातून वीज जातच नाही. सेट-टॉप बॉक्समागची केबलची पिन काढली, घुर्र थांबलं. केबलची अर्थ एकीकडं, घरची अर्थ दुसरीकडं, आणि मधल्या फरकाचा प्रवाह ऑडिओ वायरीच्या जाळीतून वाहतो. अशा वेळी काहीजण प्लगची अर्थ पिनच तोडतात. ते कधीही करू नये, जिवाशी खेळ आहे. ऑडिओ वायरीत एकास एक ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर घातला आणि काम झालं.

निघताना एफएम पुन्हा लावलं तर निवेदिकेचा आवाज जरा दबका वाटला. मागं डी-एम्फसिसचा, म्हणजे प्रसारणात वाढवलेला ट्रेबल परत खाली आणण्याचा, ५० आणि ७५ मायक्रोसेकंदांचा खटका होता, ७५ वर. ७५ अमेरिकेचं, आपल्याकडचं प्रसारण ५० चं. ७५ वर ट्रेबल गरजेपेक्षा जास्त कापला जातो. खटका ५० वर केला. अँटेनाच्या ३०० ओहमच्या स्क्रूंना चपट्या ट्विन वायरचा टी आकाराचा तुकडा लावला, आडवी दांडी साधारण दीड मीटर, दोन्ही टोकांना तारा एकमेकींना सोल्डर केलेल्या, आणि दांडीची एकच तार मधोमध कापून तिच्या दोन टोकांना खालची वायर जोडलेली. तो कपाटाच्या पत्र्यामागं न ठेवता खिडकीच्या वरच्या लाकडी पट्टीवर ठोकला.