‘ना’ जेंबेवर वाजत नाही

परवा क्लास सुटल्यावर एका मुलीनं विचारलं, “ताई, तुमचं खरं वाद्य कोणतं?” तबला, असं तोंडावर आलं होतं. पण त्याच तासाला तिला मी कहोन (ज्यावर बसून वाजवतात ती लाकडी पेटी) शिकवला होता आणि आदल्या आठवड्यात जेंबे (हातानं वाजवायचा आफ्रिकी ढोल). म्हटलं, सावकाश सांगते. तेच इथे लिहितेय.

तबला लहानपणापासूनचा. बारा वर्षं एकाच गुरूंकडे, आणि त्यातले पहिले कित्येक महिने नुसती पढंत. टाळी-खाली दाखवत बोल म्हणायचे, वाद्याला हात लावायचा नाही. तेव्हा रडू यायचं. पुढे एका नाटकाच्या तालमीत पहिल्यांदा जेंबे समोर आला, तेव्हा वाटलं, कातडंच आहे, हात तयार आहे. कडेवर तर्जनीनं तबल्याचा ‘ना’ हा बोल मारला आणि ‘टक’ असा मेलेला आवाज आला. मग जोर लावला. तासाभरात बोटाची पेरं सुजली.

चूक कुठे होती ते बऱ्याच दिवसांनी उमगलं. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, पडते. साध्या कातड्यातून निघणारे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) एकमेकांशी जुळत नाहीत; शाईचं वजन ते जुळवून आणतं, म्हणून तबला असा स्वच्छ सुरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर शोधनिबंध लिहिला होता. जेंबेला शाई नाही. तिथे टेकलेलं बोट नाद मारून टाकतं. त्याचे आघात तीन: बास तळव्यानं मध्यावर, टोन जुळवलेल्या बोटांनी कडेजवळ, स्लॅप बोटं सैल सोडून, आणि तिन्हीत हात पडल्या पडल्या उचलायचा. माझी अनामिका मात्र बारा वर्षांच्या सवयीनं चिकटूनच राहायची. तिला उठवायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी पुन्हा पहिल्या दिवसाची विद्यार्थिनी होते, आणि आज शिकवताना मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो त्याच दिवसांचा.

वाट दिसली ती तालवादक तौफिक कुरेशी यांचा जेंबे ऐकून. तबल्याच्या बोलांची भाषा त्यांनी त्या वाद्यावर बोलती केली आहे. मग मीही बोल तेच ठेवले आणि फक्त हात बदलला. पुढे कहोन आला, दर्बुका आला, काँगा आले, सगळी हातानं वाजवायची वाद्यं. प्रत्येकाशी ओळख आधी तोंडानं करून घेतली, नंतर हातानं.

कामं म्हणाल तर सगळ्या तऱ्हेची केली. गाण्यांची साथ, नृत्याची साथ, नाटकं, स्टुडिओ. त्यात सगळ्यात अवघड काय वाटलं असेल तर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर) चार मिनिटं शेकर, म्हणजे दाण्यांचा खुळखुळा, वाजवणं. ना तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), ना समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा आनंद. दर आवर्तनातले सोळाच्या सोळा ठोके सारखे पडले पाहिजेत आणि मनगट कुठेही आखडता कामा नये. साथीला बसून मिळणारी दाद तिथे नाही, पण लय म्हणजे काय ते मला त्या शेकरनं शिकवलं. (जाता जाता, वाजवणाऱ्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, कानात प्लग घाला. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा मानतात, आणि आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. माझ्या डाव्या कानात आता कायम बारीक शिट्टी वाजते.)

हल्ली मोठ्या मुलांना मी अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची १९७२ सालची टाळ्यांची रचना देते. वाद्य नाही, फक्त दोन माणसांचे हात. बारा मात्रांचा एकच नमुना: तीन टाळ्या, दोन, एक, दोन, आणि प्रत्येक गटानंतर एक मात्रा मोकळी. एकजण तो शेवटपर्यंत तसाच धरून ठेवतो, दुसरा काही आवर्तनांनंतर एक मात्रा सरकतो, मग आणखी एक. बाराव्या सरकण्याला दोघं पुन्हा एकत्र. कागदावर सोपं दिसतं. पहिल्याच सरकण्याला बहुतेक मुलं शेजारच्याच्या टाळीकडे ओढली जातात आणि सगळं कोसळतं.

प्रश्न विचारणारी ही मुलगीही त्या दिवशी तीनदा कोसळली. चौथ्या वेळी तिनं डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. मी टाळी न थांबवता कान दिला. “तकिट, तक, त, तक.” तीन, दोन, एक, दोन. मी तिला हे सांगितलं नव्हतं. मी सरकत गेले, ती जागची हलली नाही. बाराव्याला आम्ही एकत्र आलो तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि मला दोन क्षण बोलताच येईना.

तिचा प्रश्न त्यानंतरचा. उत्तर मी अजून दिलेलं नाही. पुढच्या तासाला आम्ही जागा बदलणार आहोत: मी धरून ठेवणार, ती सरकणार.